टोटेम खांब कोणी आणि कसे जपावेत?

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर पश्चिम किनारा पाहा. अलास्काचा दक्षिण भाग आणि त्याला लागून कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्या काठाने शेकडो बेटे विखुरलेली दिसतील. प्रशांत महासागरावरून येणारे ढग इथल्या डोंगरांना अडतात, भरपूर पाऊस पडतो आणि दाट जंगल वाढते. या किनाऱ्यावर हायदा, त्लिंगित, त्सिम्शियान, हायस्ला, क्वाक्वाकावाक्व असे अनेक आदिवासी समाज राहतात. पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रांतून आपल्याला माहीत असलेले उंच कोरीव टोटेम खांब त्यांचेच.

'टोटेम' हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. तो खूप पूर्वेकडच्या, मोठ्या सरोवरांजवळ राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. मराठीत त्यासाठी 'देवक' हा शब्द वापरतात. त्यामुळे हे खांब पूजेसाठी असावेत असे वाटते, पण तसे नाही. गरुड, डोमकावळा, अस्वल, देवमासा ही त्यांवरची चित्रे कुळाची चिन्हे आहेत. कोणते चिन्ह कोणी कोरावे, याचा हक्क वारशाने मिळतो. खांब कुळाचा इतिहास सांगतो, घरमालकाचा मान दाखवतो किंवा मृताचे स्मारक म्हणून उभा राहतो. थोडक्यात, तो एक दस्तऐवज आहे.

दस्तऐवजाला साक्षीदार लागतात. खांब उभारताना यजमान कुळ 'पॉटलॅच' नावाचा समारंभ करी. पाहुण्यांसमोर हक्क सांगितला जाई, गाणी आणि नृत्ये होत. शेवटी यजमान पाहुण्यांना भेटवस्तू देई. भेट स्वीकारणे म्हणजे साक्ष देणे. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तिच्यात आहे.

लाकूड टिकते कसे आणि कुजते का?

खांबासाठी प्रामुख्याने तांबड्या सीडरचे झाड निवडतात. वनस्पतिशास्त्रात त्याला 'थुजा प्लिकाटा' म्हणतात. त्याचे लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि कोरायला सोपे असते. शिवाय त्याच्या गाभ्यात थुजाप्लिसिन नावाची बुरशीनाशक द्रव्ये असतात. म्हणूनच इतक्या ओल्या हवेत ते दशकानुदशके टिकते. मोठ्या खांबाची मागची बाजू बहुधा पोखरतात. त्यामुळे वजन कमी होते आणि वाळताना लाकूड कमी तडकते. कोरण्यासाठी वाकस आणि वाकड्या पात्याची सुरी वापरतात. रंगांसाठी पूर्वी कोळसा, गेरू अशी द्रव्ये सॅमन माशाच्या अंड्यांच्या चिकट रसात कालवत.

तरीही खांब अमर नाही. पावसाने बुरशीनाशक द्रव्ये हळूहळू धुऊन जातात. कुजण्याला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि ती दोन्ही जमिनीच्या पातळीपाशी एकत्र मिळतात. म्हणून खांब बहुधा तिथेच कमकुवत होतो. वरच्या टोकाला पाणी साचते, शेवाळ धरते, बिया रुजतात आणि मुळे लाकूड फोडतात. साधारण शंभर वर्षांत खांब कोसळतो.

जुन्या व्यवस्थेत ही आपत्ती नव्हती. पडलेला खांब सहसा पुन्हा उभा करत नसत. वारसदार नवा खांब कोरून घेत आणि पुन्हा पॉटलॅच करत. लाकूड बदले, हक्क आणि आठवण पुढे चाले.

साखळी तुटली

१८६२ साली व्हिक्टोरिया शहरातून देवीची साथ किनाऱ्यावर पसरली. गावेच्या गावे ओस पडली. हायदांची संख्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहाशेच्या आसपास उरली. त्यातच कॅनडा सरकारने १८८४ साली कायदा करून पॉटलॅचवर बंदी घातली. १८८५ पासून अमलात आलेली ही बंदी १९५१ पर्यंत टिकली. समारंभ बेकायदा ठरला, म्हणजे खांबाला साक्षीदार उरले नाहीत. कोरणारेही घटले. नेमक्या याच काळात जगभरच्या संग्रहालयांनी रिकाम्या गावांतले खांब उचलून नेले.

राहिलेले वाचवण्याचे प्रयत्नही झाले. १९२५ नंतर स्कीना नदीकाठी सरकार आणि रेल्वे कंपनी यांनी खांब दुरुस्त केले. कुजलेले बुंधे कापून काँक्रीटचे पाये दिले, बाजारी रंग लावले. काही गावांनी याला विरोध केला. एकीकडे समारंभ बंद करायचा आणि दुसरीकडे पर्यटकांसाठी खांब रंगवायचे, हे त्यांना पटणे कठीणच होते.

अलास्कात १९३८ ते १९४२ या काळात वेगळा मार्ग चोखाळला गेला. अमेरिकेच्या वनखात्याने रोजगार योजनेतून त्लिंगित आणि हायदा कारागिरांनाच कामाला लावले. शंभराहून अधिक खांब दुरुस्त झाले किंवा नव्याने कोरले गेले. म्हाताऱ्या कारागिरांच्या हाताखाली तरुण तयार झाले, हा मोठाच लाभ होता.

कॅनडात हेच काम मंगो मार्टिन या क्वाक्वाकावाक्व कारागिराने केले. बंदीच्या काळातही सावत्र वडिलांकडून शिकलेली कला त्यांनी जिवंत ठेवली होती. १९५२ पासून व्हिक्टोरियाच्या संग्रहालयासाठी ते जुन्या खांबांच्या प्रतिकृती कोरू लागले आणि शिष्यही घडवू लागले. १९५३ साली त्यांनी तिथे पारंपरिक घर बांधले आणि बंदी उठल्यानंतरचा पहिला जाहीर पॉटलॅच केला. पुढे १९६९ मध्ये रॉबर्ट डेव्हिडसन या अवघ्या बावीस वर्षांच्या हायदा तरुणाने मॅसेट गावात खांब उभारला. तिथे सुमारे नव्वद वर्षांत खांब उभा राहिला नव्हता. गाणी आणि नृत्ये वृद्धांना आठवून आठवून जुळवावी लागली.

एका खांबाचा प्रवास

१८७२ साली हायस्लांच्या ग्प्सगोलॉक्स या प्रमुखाने साथीत गेलेल्या आप्तांच्या स्मरणार्थ एक खांब उभारला होता. उंची सुमारे नऊ मीटर. १९२९ साली तो कापून स्वीडनला नेण्यात आला. १९९१ मध्ये हायस्लांचे प्रतिनिधी स्टॉकहोमच्या संग्रहालयात गेले आणि त्यांनी खांब परत मागितला. त्याच्या बदल्यात नवा खांब कोरून देण्याची तयारीही दाखवली. तो त्यांनी दिलाही. पण संग्रहालयाला हवे होते की मूळ खांब योग्य हवामान राखलेल्या इमारतीतच राहावा. हायस्लांची परंपरा सांगत होती की स्मारक खांब शेवटी मातीला मिळाला पाहिजे.

कोणाचे बरोबर? संग्रहालयाच्या दृष्टीने लाकूड म्हणजे पुन्हा न मिळणारा पुरावा. छिन्नीच्या खुणा, रंगाचे कण, झाडाचे वय हे सारे प्रतिकृतीत येत नाही. ही बाजू खोटी नाही. जुने खांब पाहूनच आजचे अनेक कारागीर शिकले. पण दस्तऐवज ज्यांचा, त्याचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. २००६ साली खांब कॅनडात परतला. काही काळ तो छताखाली लोकांना पाहायला ठेवला, आणि अखेर हायस्लांनी तो आपल्या जुन्या दफनभूमीत निसर्गाच्या स्वाधीन केला.

म्हणून आज 'जतन कसे करावे' या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. १९८१ साली जागतिक वारसा ठरलेल्या स्गांग ग्वाय बेटावर खांब जिथल्या तिथे आहेत. शेवाळ आणि रोपे काढली जातात, कललेल्यांना आधार दिला जातो, पण शेवट रोखला जात नाही. संग्रहालयांत गेलेले खांब कोरड्या हवेत टिकून आहेत. आणि नवे खांब कोरले जात आहेत.

२०१३ साली हायदा बेटांपैकी लायल बेटावर तेरा मीटर उंचीचा एक खांब उभारला गेला. त्यावर हातात हात गुंफून उभी असलेली पाच माणसे कोरली आहेत. १९८५ मध्ये याच बेटावरची जंगलतोड रोखण्यासाठी हायदा लोक रस्त्यावर असेच उभे राहिले होते. त्याच खांबावर भूकंप घडवणारी एक दैवी आकृतीही आहे, कारण खांब कोरला जात असतानाच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, या बेटांना मोठा भूकंपाचा धक्का बसला होता.