कौटुंबिक श्रद्धा-मेळावा : परंपरा, अर्थ आणि धाराशिव जिल्ह्याचे पंचांग

एका धर्मग्रामातील अथवा परिसरातील कॅथोलिक कुटुंबांनी वर्षातून एकदा, वडीलधाऱ्यांसह व मुलाबाळांसह, ठरलेल्या स्थळी एकत्र यावे. पवित्र मिस्सा, प्रवचन, पापनिवेदन, जपमाळ व सहभोजन यांत एक वा दोन दिवस घालवावेत, या प्रथेस आपल्याकडे कौटुंबिक श्रद्धा-मेळावा असे म्हणतात. यात्रा आणि मेळावा यांत फरक आहे. यात्रेला भाविक नवस घेऊन येतो, मातेच्या चरणी मेणबत्ती लावतो व परततो. शेजारी कोण उभा होता हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. मनन-शिबिरात मनुष्य एकटा बसतो. मेळाव्यात मात्र घराने घराला भेटणे अभिप्रेत आहे. सासू, सून, दहावीत शिकणारा मुलगा आणि कडेवरचे मूल हे सर्व एकाच सतरंजीवर बसलेले असतात, आणि कार्यक्रम त्यांच्यासाठी आखलेला असतो.

या प्रथेचे मूळ पवित्र शास्त्रात शोधू गेल्यास लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडावा. येशूचे आईवडील वल्हांडण सणासाठी दरवर्षी यरुशलेमास जात असत, असे तेथे नोंदलेले आहे. बाळ येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर हरवला व तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. परंतु त्यातील एका तपशिलाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. मूल सोबत नाही हे मारिया व योसेफ यांच्या ध्यानात येण्यास पूर्ण दिवस लागला, कारण ते नातलगांत व ओळखीच्यांत कोठेतरी असेल अशी त्यांची खात्री होती. एक दिवसभर शंका न येण्याइतका विश्वास ज्या सोबत्यांवर टाकता येतो, असा तो जथा होता. नाझरेथचे पवित्र कुटुंब एकटे प्रवास करीत नव्हते. ते कुटुंबांच्या समुदायात चालत होते.

ख्रिस्तसभेने पवित्र कुटुंबाचा सण पोप लिओ तेरावे यांच्या काळात, १८९३ साली, प्रथम मान्य केला आणि १९२१ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तो सार्वत्रिक केला. १९६९ च्या उपासना-पंचांगापासून तो नाताळानंतरच्या रविवारी येतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा या अर्थाचे नाव दिले, आणि संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या प्रबोधनपत्रात त्या कल्पनेचा विस्तार केला. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ हे कुटुंब वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा त्याच पोप महोदयांनी रोम येथे पहिला जागतिक कुटुंब मेळावा बोलावला. पुढे रिओ दि जानेरो, मनिला, वॅलेन्सिया, मेक्सिको, मिलान, फिलाडेल्फिया, डब्लिन अशी त्याची वाटचाल झाली. २०२१ चा मेळावा महामारीमुळे एक वर्ष पुढे गेला व जून २०२२ मध्ये रोम येथे भरला. त्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी एक नवी पद्धत घालून दिली. रोममध्ये प्रतिनिधींनी यावे, परंतु प्रत्येक धर्मप्रांताने त्याच काळात आपापल्या ठिकाणी मेळावा भरवावा, असे त्यांनी सांगितले. ज्यांना रोमच काय, मुंबईही दूर आहे अशा आपल्या कुटुंबांना ही पद्धत उपकारक आहे.

आपल्या भागातील कुटुंबांना या प्रकारचे सर्वांत जवळचे व जुने उदाहरण म्हणजे हरेगावची मतमाउली यात्रा. श्रीरामपूर तालुक्यातील हे गाव पूर्वी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे ओळखले जाई. कारखान्याची धुराडी कधीच थंडावली. मात्र पवित्र मारियेच्या जन्मसोहळ्यास, म्हणजे ८ सप्टेंबरला, जोडून भरणारी यात्रा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. नाशिक धर्मप्रांतातील या स्थानी मराठवाड्यातूनही कुटुंबेच्या कुटुंबे येतात. तिला यात्रा म्हणतात खरे, पण जी माणसे टेम्पोत स्वयंपाकाचे साहित्य घालून येतात, मैदानात चूल मांडतात, लेकीच्या सासरच्या माणसांना तेथेच भेटतात आणि सोयरिकीची बोलणीही तेथेच काढतात, त्यांनी यात्रेचा मेळावा केव्हाच करून टाकला आहे. २०२० व २०२१ या दोन्ही सप्टेंबरांत राज्यातील प्रार्थनास्थळे भाविकांसाठी बंद होती. त्या दोन वर्षांत भाविकांना चुकल्यासारखे झाले ते केवळ दर्शनाविना नव्हे, एकमेकांच्या भेटीविनाही.

आता धाराशिव जिल्ह्याकडे वळू. १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात संपूर्ण मराठवाडा येतो, आणि त्याच्या दक्षिण टोकाला हा जिल्हा आहे. पूर्वीचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी असे आठ तालुके, सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर विस्तार, आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांवर लोकसंख्या. तीत ख्रिस्ती कुटुंबे अत्यल्प. धर्मप्रांतातील ख्रिस्ती वस्ती प्रामुख्याने गंगापूर-वैजापूर, पैठण, जालना या उत्तरेकडील पट्ट्यात एकवटलेली आहे. घोगरगावसारखी जुनी मिशन-केंद्रे तिकडेच. धर्मप्रांताचे मुख्यालय धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, तर सोलापूर सत्तरच्या आत. सोलापूर पुणे धर्मप्रांतात मोडते, परंतु आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असो, लग्नाचा बस्ता बांधायचा असो की नाताळची मिस्सा गाठायची असो, तुळजापूर-उमरग्याकडच्या माणसाची एसटी सोलापूरलाच जाते. धर्मप्रांताची सीमा नकाशावर आहे. एसटीच्या वेळापत्रकावर ती नाही. म्हणून येथील मेळाव्याचे निमंत्रण दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंनी मिळून काढणे आम्हास श्रेयस्कर वाटते.

वर्षातून एकदा या शब्दांचा अर्थ या जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. आषाढीला पंढरपूर, कोजागरीला तुळजापूर; शेजारपाजारची माणसे पायी निघालेली येथील ख्रिस्ती मुले जन्मापासून पाहतात. संत गोरोबाकाकांचे तेर याच जिल्ह्यात. आपल्या घराला असे वर्षाचे ठिकाण कोणते, हा प्रश्न ती मुले विचारतात, आणि त्यांना उत्तर मिळाले पाहिजे.

प्रश्न आहे तो दिवसाचा, आणि या लेखाचा आमचा मुख्य मुद्दा तोच आहे. कुटुंब मेळावा म्हटला की पवित्र कुटुंबाचा रविवार सर्वांना सुचतो. नाताळचा आठवडा, शाळेला सुटी, चर्च सजलेले. शहरातील धर्मग्रामांना हे सोयीचे आहे. पण भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांत डिसेंबरअखेर अनेक घरांना कुलूप असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. ती दोघे एक होतील, हे वचन आम्ही विवाहसंस्काराच्या वेळी वाचतो. मुकादमही त्यांना एकच मोजतो, मात्र त्याचा हिशेब मजुरीचा असतो. मागे गावात राहतात म्हातारी माणसे, आणि शाळेमुळे ठेवलेली काही मुले. अशा वेळी भरविलेल्या मेळाव्यात ज्या कुटुंबांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, नेमकी तीच नसतात. त्यांची नावे मग अनुपस्थित म्हणून लिहिली जातात, आणि पुढे हळूहळू उदासीन म्हणून. हा अन्याय आहे.

मग कोणता दिवस? सप्टेंबर हा एक पर्याय. पोळा झालेला असतो, सोयाबीनची काढणी अद्याप दूर असते, टोळ्या निघालेल्या नसतात. परंतु त्याच सुमारास हरेगावची यात्रा असते आणि एकाच महिन्यात दोन प्रवासांचे भाडे गरीब घराला झेपत नाही. आमची पसंती १ मे या दिवसाला आहे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी असते, शाळांच्या परीक्षा उरकलेल्या असतात, आणि पोप पायस बारावे यांनी १९५५ साली त्याच तारखेला कष्टकरी संत योसेफ यांचा सण नेमून दिला आहे. पवित्र कुटुंबाच्या प्रमुखाला त्याच्या हातांच्या कष्टांसह स्मरण्याचा हा दिवस, कोयता खाली ठेवून नुकत्याच परतलेल्या बापाला समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक गोष्ट. पुनरुत्थानाचा सण कितीही लवकर वा उशिरा आला तरी २५ एप्रिल ते १० मे हे दिवस नेहमी पुनरुत्थान काळातच पडतात. वर्षातून निदान एकदा, आणि तेही शक्यतो पुनरुत्थान काळात, ख्रिस्तप्रसाद घेण्याचे कर्तव्य धर्मनियमसंहितेच्या ९२० व्या नियमात सांगितले आहे. गंभीर पापांचे वर्षातून एकदा निवेदन करण्याचे कर्तव्य ९८९ व्या नियमात. ज्या वस्तीत धर्मगुरू क्वचित पोहोचतात, तेथील कुटुंबांना ही दोन्ही कर्तव्ये १ मेच्या मेळाव्यात पार पाडता येतात.

या पसंतीला एक अपवाद सांगितला पाहिजे. २०२१-२२ च्या हंगामात उसाचे पीक इतके झाले की मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत लांबले. अशा वर्षी तारीख पुढे ढकलावी. मृगाच्या पेरणीपूर्वीचा एखादा रविवार धरावा. ठरावापेक्षा माणसे महत्त्वाची.

मे महिन्याला दुसरी हरकत घेतली जाते ती उन्हाची व पाण्याची, आणि ती खरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे कोणी विसरलेले नाही. म्हणून स्थळ ठरविताना मंडपाच्या आधी पाण्याचा विचार करावा. टँकरची रक्कम अंदाजपत्रकात पहिली लिहावी. फुलांची शेवटी, आणि उरले तरच. कार्यक्रम आदल्या संध्याकाळी सुरू करून सकाळी अकराच्या आत पवित्र मिस्सा आटोपावी. दुपारी ऊन चाळिसाच्या वर असते, तेव्हा भाषणे ठेवणे हा श्रोत्यांवर जुलूम होय. एरवीही भाषणे आवरती घ्यावीत. पाहुण्यांचे सत्कार, शाली, नारळ आणि प्रास्ताविक यांतच दीड तास गेलेला मेळावा कोणत्या घराला काय देऊन जातो, हे संयोजकांनी स्वतःला विचारावे.

रात्रीचे भजन मात्र भरपूर असावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते ओवीबद्ध मराठीत. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, ते प्रॉटेस्टंट असले तरी, अभंग-भजनांची जी शिदोरी दिली ती सर्व पंथांच्या ख्रिस्ती घरांनी स्वीकारली. टाळ-मृदंग येथील म्हाताऱ्यांच्या हातात आहे व कीबोर्ड तरुणांच्या. दोघांना एकत्र बसविले की निम्मा मेळावा यशस्वी झाला असे समजावे.

सकाळच्या कामांत पापनिवेदनाला पुरेसा वेळ ठेवावा, किमान तीन-चार धर्मगुरू असावेत. विवाहित जोडप्यांनी मिस्सेत आपल्या वचनांचे नूतनीकरण करावे ही प्रथा सर्वत्र रूढ आहे. तिच्याआधी एक नाजूक काम असते. विखुरलेल्या वस्त्यांत काही विवाह समाजाच्या साक्षीने झालेले असतात पण धर्मनियमानुसार नसतात. काही मिश्रविवाहांत महागुरुस्वामींची अनुज्ञा घेतलेली नसते. अशी जोडपी मागच्या रांगेत बसतात व ख्रिस्तप्रसादाला येत नाहीत. त्यांना मंचावरून न हटकता, आदल्या संध्याकाळी धर्मगुरूंनी एकांतात भेटावे. बहुतेक प्रकरणी विवाह धर्मनियमात बसविण्याचा मार्ग असतो, आणि तो त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

नोंदणीच्या टेबलाविषयीही सावध राहावे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आजही ख्रिस्ती दलितांना सवलतींच्या बाहेर ठेवतो. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती लोकांना मिळालेले नाही. ज्या घरात मुलाची शिष्यवृत्ती वा नोकरी कागदावरच्या एका शब्दावर अवलंबून आहे, ते घर नाव लिहिताना कचरते. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा त्या टेबलावर घेऊ नये. नाव न लिहिता जेवायला बसलेले कुटुंबही मेळाव्याचेच आहे.

मेळावा संपल्यावर पुढच्या मेपर्यंत काय, याचेही उत्तर धर्मनियमात आहे. धर्मगुरूंच्या अभावी मिस्सा शक्य नसेल तेव्हा विश्वासीयांनी वचनविधीत भाग घ्यावा अथवा एकट्याने, कुटुंबाने किंवा जमल्यास कुटुंबांच्या गटाने प्रार्थनेत वेळ द्यावा, अशी आग्रहाची शिफारस १२४८ व्या नियमात केली आहे. म्हणून निघण्यापूर्वी जवळच्या वस्त्यांतील चार-पाच घरांचे गट पाडावेत, प्रत्येक गटाला वाचनांची वर्षभराची यादी छापून द्यावी, आणि ऊसतोडीला जाणारी घरे कोणत्या कारखान्याच्या फडावर असतील हे धर्मशिक्षकाने ऑक्टोबरमध्ये, टोळ्या निघण्यापूर्वी, विचारून लिहून ठेवावे. त्या कारखान्याजवळच्या धर्मग्रामाला ती यादी आगमनकाळापूर्वी पोहोचली, तर नाताळच्या रात्री फडावरच्या कोप्यांपर्यंत एखादा धर्मगुरू जाऊ शकतो.