नाव घातलेली भांडी

१२ जुलै जवळ आला की पानशेतच्या पुराचे तेच चार-पाच फोटो फिरायला लागतात. लकडी पुलावरून जाणारं पाणी, कोसळलेले वाडे, चिखलात उभी माणसं. फोटो खरे आहेत. पण पाणी ओसरल्यावरचे दिवस त्यांच्यात नाहीत, आणि आमच्या घरात पुराच्या गोष्टी म्हणजे बहुतेक नंतरच्याच. त्या लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडक्यात इतिहास, कारण नव्या पुणेकरांना तो माहीत नसतो. पानशेतचं मातीचं धरण आंबी नदीवर. काम पुरं झालेलं नसताना १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं गेलं. पाणी सोडण्याच्या मोरीचं काम अर्धवट होतं. ११ जुलैला धरण खचायला लागलं, लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली. १२ तारखेला, बुधवारी सकाळी ते फुटलं. पाण्याचा लोंढा खाली खडकवासल्यावर आला. इंग्रजांच्या काळातलं ते दगडी धरण काही तास तगलं आणि दुपारी तेही गेलं. शहराला धड इशारा मिळालाच नाही. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचा नदीकडचा भाग, डेक्कन, पुलाची वाडी, सगळं पाण्याखाली. मृतांचा आकडा साधारण हजार सांगतात. चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकरांनी चौकशी चालू असतानाच आत्महत्या केली आणि ते काम पुढे न्यायमूर्ती नाईकांकडे गेलं. हा सगळा स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.

आमचे आजी-आजोबा नारायण पेठेत एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. आजोबा छापखान्यात कंपोझिटर. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, मालक वरच्या माडीवर. पाणी चौकात शिरल्यावर खालची सगळी बिऱ्हाडं आधी माडीवर गेली, आणि मागची भिंत बसल्यावर सगळेच सदाशिव पेठेच्या चढाकडे पळाले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा वाडा अर्धा उभा होता. पुण्यातले जुने वाडे म्हणजे लाकडी सांगाडा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती. माती भिजली की विरघळते, खांब तेवढे उभे राहतात. आजी म्हणायची, घरात शिरायला दाराची गरजच राहिली नव्हती.

गुडघाभर चिखल होता. धान्य भिजून दोन दिवसांत आंबलं, आणि पुढे कित्येक वर्षं भिजक्या ज्वारीचा वास आला की आजीला मळमळायचं. पण सगळ्यात मोठा घोळ झाला तो भांड्यांचा. पाण्याने या घरातली भांडी त्या घरात नेली, काही तर पलीकडच्या वाड्यातून आली. तेव्हा आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत किती उपयोगाची होती ते कळलं. वाड्यातल्या बायकांनी चौकातला चिखल उपसून मिळेल ते भांडं ओळीने मांडलं आणि घासून नावं वाचली. कोणाचं लग्नातलं तपेलं, कोणाची बारशाची वाटी, कोणाच्या सासूच्या नावाचा तांब्या. गल्लीगल्लीतून बायका भांडी घेऊन फिरत होत्या, नाव पुकारत होत्या. आजीची तांब्याची घागर तीन वाडे पलीकडे सापडली, पोचा पडलेली. बिननावाची भांडी होती त्यांच्यावरून मात्र भांडणंही झाली, आणि दोन शेजारणी पुढे आयुष्यभर एका परातीवरून बोलल्या नाहीत. तेव्हा सगळे अगदी एकमेकांच्या गळ्यात पडून राहत होते, असं नाही.

दुसरा प्रश्न प्यायच्या पाण्याचा. गंमत बघा, सगळं शहर पाण्याने बुडवलं आणि नळ कोरडे. खडकवासलाच गेल्यावर नळाला येणार काय? मग पेशवाईतले हौद आणि वाड्यांतल्या विहिरी आठवल्या. आमच्या वाड्याची विहीर चिखलाने भरली होती. ती उपसायला सगळे पुरुष दोन दिवस लागले होते. तोवर पलीकडच्या आळीतल्या हौदावर रांग. आजी कडक सोवळ्याची. पण त्या रांगेत कोणाची कळशी कोणाच्या कळशीला लागते हे कोण बघणार? माडी शाबूत असलेल्या एका घरात सगळ्यांची एकच चूल पेटायची, जो शिधा मिळेल त्याची खिचडी. आजीनेही ती खाल्ली. पुढे नळ सुरू झाले आणि महिन्याभरात आजीचं सोवळंही परत सुरू झालं. हे ती स्वतःच सांगायची, हसून.

त्यात अफवा. "पाणी आलं, पळा" अशी आरोळी उठली की लोक हातातलं टाकून पर्वतीकडे धावायचे. एका अशा पळापळीत आमची आत्या, तेव्हा चार वर्षांची, हरवली. संध्याकाळी बोहरी आळीतल्या एका अनोळखी कुटुंबाने तिला जेवूखाऊ घालून परत आणून सोडलं.

आता आजोबांची गोष्ट. ती त्यांनी मला एकदाच सांगितली.

मदत मिळवायला, पुढे पुनर्वसनात घर मिळवायला, आपण पूरग्रस्त आहोत हे दाखवावं लागे. ज्यांची रेशनकार्डं आणि भाडेपावत्या वाहून गेल्या त्यांनी काय दाखवायचं? मग शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या. आजोबांचं अक्षर सुंदर, त्यामुळे अर्ध्या गल्लीच्या चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या. "सदर इसम माझे शेजारी असून..." अशी सुरुवात. वाड्याच्या देवडीत एक हमाल वर्षानुवर्षं झोपायचा. भाडं नाही, पावती नाही; बदल्यात रात्री दिंडी दरवाजा लावायचा, सकाळी उघडायचा. त्या दिवशी खालच्या बिऱ्हाडातल्या दोन म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माडीवर नेणारा तोच. तो चिठ्ठी मागायला आला. मालक म्हणाले, हा भाडेकरू नव्हे, खोटं लिहाल तर तुमचंही नाव कटेल. आजोबांनी लिहिली नाही. "खोटं कुठे होतं रे?" मला सांगताना ते म्हणाले, "शेजारी तर होताच की तो."

तो माणूस पुन्हा दिसला नाही.

पुनर्वसनाचं काम सरकारने स. गो. बर्वे यांच्याकडे दिलं होतं आणि ते वेगाने झालं हे मान्य करावंच लागेल. पुढच्याच वर्षी पुणेकरांनी त्यांना आमदार केलं. अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन हट उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, पर्वतीचा पायथा असं शहर नदीपासून लांब पसरलं. आमच्या मालकांनी वाडा दुरुस्त केलाच नाही, रिकामा झाला ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. अकरा बिऱ्हाडं पाच दिशांना गेली. आजी-आजोबांना गोखलेनगर मिळालं. आजी म्हणायची, पुरात सामान गेलं, आणि शेजार गेला तो गोखलेनगरला आल्यावर. पूरग्रस्तांच्या सोसायट्यांच्या जमिनी मालकीच्या करा ही मागणी त्यानंतर कित्येक दशकं चालू राहिली, म्हणजे १९६१चा पूर कागदावर अजून ओसरायचाच होता.

हे सगळं आत्ता का लिहितोय? मी सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घराघरांत शिरलं, तेव्हा लोकांची तक्रार तीच होती: आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्याच दिवशी पुलाची वाडीत, १९६१ला बुडालेल्या त्याच पुलाच्या वाडीत, तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. मी त्या दिवशी मित्राच्या इमारतीत चिखल काढायला गेलो होतो. पंचनामे सुरू झाल्यावर पार्किंगमधल्या खोलीत राहणाऱ्या वॉचमनच्या सामानाचं काय, असं मी विचारलं. सोसायटीतले एक काका म्हणाले, तो कुठे आपला मेंबर आहे. मला आजोबा आठवले. आम्ही चौघांनी सही करून कागद दिला. त्याचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही, विचारत असतो.

शेवटचं. आमच्याकडे एक पितळी पातेलं आहे. १९६१च्या त्या चौकातलं, ज्याची मालकीण सापडलीच नाही. आजीने ते कधी वापरलं नाही, दर दिवाळीला घासून परत माळ्यावर. आता आई तेच करते. त्यावर एका बाईचं नाव आहे, खाली साल आहे आणि कडेला एक छोटी खूण आहे. नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमची आजी, पणजी नारायण किंवा शनिवार पेठेत नदीच्या बाजूला राहत असेल आणि तिचं पातेलं पुरात गेल्याचं घरात कोणी बोलत असेल, तर मला मेसेज करून नाव आणि साल सांगा. जुळलं तर मी स्वतः आणून देईन.