चांद्याच्या वेशीवरचा सिंह

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाला चार वेशी आहेत. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. तिथल्या दगडात गोंड राजांचं राजचिन्ह कोरलेलं आहे: हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह. गोंडी परंपरेत त्याला गजसोडुम म्हणतात. कोरणाऱ्याने मापं मुद्दाम उलटी धरली आहेत. सिंह अंगाने भरदार, आणि त्याच्या पंजाखालचा हत्ती वासराएवढा. हत्ती इथे परका नाही. गडचिरोलीत कमलापूरला हत्तींचा कॅम्प आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडाकडून आलेले रानहत्तीही त्या जिल्ह्यात फिरताहेत. पण ताडोबापासून सिरोंच्यापर्यंत रान वाघाचं. मग राजाने वाघ सोडून सिंह का घेतला?

माझं म्हणणं असं की हा सिंह रानातून आलेलाच नाही, तो सिंहासनाखालून आला. आणि सिंहासन उचलणाऱ्या जनावराचं सगळ्यात सविस्तर वर्णन मला सापडलं ते बायबलच्या जुन्या करारात, यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात.

यहेज्केल हा यरुशलेमचा याजक. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने राजा यहोयाखीनला कैद करून नेलं, तेव्हा तोही गेला. त्या बंदिवासाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५९३च्या सुमारास, खबार नावाच्या कालव्याकाठी त्याला दर्शन झालं. उत्तरेकडून वादळ येतं, आत आगीचा लोळ, आणि त्यात चार प्राणी. प्रत्येकाला चार तोंडं: माणूस, सिंह, बैल, गरुड. चार पंख, पाय सरळसोट, खूर वासराचे आणि घासलेल्या पितळेसारखे लखलखणारे. शेजारी चाकात चाक, आणि चाकांच्या धावांना डोळेच डोळे. डोक्यांवर स्फटिकासारखं अंतराळ, त्यावर नीलमण्याचं सिंहासन, आणि सिंहासनावर इंद्रधनुष्याच्या तेजात देवाचं ऐश्वर्य. पुढे दहाव्या अध्यायात तो या प्राण्यांना करूब म्हणतो.

सिंहासनाला जनावरं ही कल्पना त्याच्याआधीची. बिब्लोसच्या अहिराम राजाच्या शवपेटीवर राजा पंखवाल्या सिंहदेही प्राण्यांच्या आसनावर बसलेला आहे. शलमोनाच्या सिंहासनाच्या सहा पायऱ्यांवर बारा सिंह होते. यहेज्केलने नवं केलं ते हे की देवाचं सिंहासन त्याने चाकांवर चढवलं. ज्यांचं मंदिर दूर राहिलं त्या बंदिवानांपर्यंत, परक्या राजाच्या मुलखात, ते चालत आलं. या एका कल्पनेपुढे मी पुन्हा पुन्हा थबकतो.

आता वादाचा मुद्दा. हे प्राणी त्याने कुठून घेतले? एक मत असं की यरुशलेमच्या मंदिरातूनच. तिथे गाभाऱ्यात सोन्याने मढवलेले, दहा हात उंच असे दोन करूब होते. याजकाला ते ठाऊक असणारच. पंखांपुरतं मला हे मान्य आहे. पण ते करूब जागचे हलत नव्हते. यहेज्केलचे प्राणी चारी दिशांना जातात आणि जाताना वळत नाहीत. इथे मला निमरूदच्या दारावरचे रक्षक आठवतात. १८४५ पासून उत्खनक लेयार्डने तिथे उकरून काढलेले माणसाच्या तोंडाचे, पंखांचे सिंह आणि बैल. त्यांतल्या अनेकांना पाय पाच! समोरून पाहा, रक्षक दोन पाय जुळवून उभा. बाजूने पाहा, चार पाय टाकत चाललेला. एकच मूर्ती दोन दिशांना पुरी पडते. चार तोंडांचा, न वळता चालणारा प्राणी हे त्याच युक्तीचं पुढचं पाऊल, असं मी मानतो. निमरूद अश्शूरचं आणि यहेज्केल बाबेलात, हा आक्षेप मला अडवत नाही. नबुखद्नेस्सराच्या इश्तार दरवाजावर आणि मिरवणुकीच्या रस्त्यावरही झिलईच्या विटांचे सिंह, बैल नि नागतोंडे प्राणी होतेच. बंदिवानाने राज्याची सत्ता पाहिली ती अशा दारांवर, आणि तीच जनावरं त्याने आपल्या देवाच्या सिंहासनाखाली घातली.

पुढचा प्रवास थोडक्यात. असे प्राणी इराणी सम्राटांच्या पर्सेपोलिसला पोचले, तिथून भारतात. सांचीच्या तोरणांवर पंखांचे सिंह आहेत. देवळांवर त्यांचेच व्याल, म्हणजे कल्पित सिंहदेही प्राणी, झाले. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दारांवर शरभ आला. जंजिऱ्याच्या दारातल्या जनावराने तर सहा हत्ती धरले आहेत. (मराठी मुलखात यहेज्केल स्वतंत्र वाटेनेही आला. बेने इस्रायल ज्यूंत त्याच्या नावाचं हसाजी झालं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल. शबुओथच्या सणाला सिनेगॉगमध्ये हाच पहिला अध्याय वाचतात.)

चांद्यापुरता माझ्या मताचा खरा प्रतिस्पर्धी पूर्वेकडचा आहे. कोणार्कच्या नाटमंडपाच्या दाराशी हत्तीला दाबणारे सिंह आहेत, तेराव्या शतकातले. खांडक्या बल्लाळशहाने चांदा वसवलं ते त्यानंतर, तेव्हा चिन्ह ओडिशातून आलं, असं म्हणता येतं. वारंगळच्या वाटेनेही ते येऊ शकतं. दुसरं मत असं की सिंह हा गोंडांचा आपलाच, त्याला बाहेरचं कूळ लावूच नये. त्या मतामागचा स्वाभिमान मला कळतो. पण चिन्ह उसनं घेतलं म्हणून राज्य उसनं होत नाही. दाविदाच्या वंशानेही करूब शेजाऱ्यांच्याच घडणीतले वापरले. चांद्याचा नमुना कोणार्कचा, हे मात्र मला पटत नाही. चामोर्शीजवळ वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळांवर व्याल आहेत, चांदा वसण्याच्या आधीचे. पाथरवटाच्या डोळ्यांपुढे ते असताना त्याला समुद्रापर्यंत जायचं कारण नव्हतं.