यादीच्या तळाचा माणूस

आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रावर ड्यूटी केली, की उमेदवारांच्या यादीच्या तळाशी नजर आपोआप जाते. अनामत घालवायलाच उभी राहिलेली तिथली मंडळी बहुधा निरुपद्रवी असतात. अमेरिकेचा लिंडन लारूश मात्र तसा नव्हता.

जन्म 1922चा, न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टरचा, क्वेकर घरातला. आधी युद्धाला नकार, मग सैन्यात भरती आणि ब्रह्मदेश-हिंदुस्थान आघाडी. 1946चं कलकत्ता, तिथले इंग्रजविरोधी मोर्चे त्यानं पाहिले. परतल्यावर ट्रॉट्स्कीवादी झाला. पुढे स्वतःची संघटना काढली. 1973 साली तिच्या लोकांनी कम्युनिस्टांच्या सभांत घुसून मारहाण केली आणि हळूहळू तो डावीकडून थेट दुसऱ्या टोकाला पोचला.

1976 ते 2004 या काळात आठ वेळा तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरला. 1992 साली तर तुरुंगातून. पहिल्या खेपेला जेमतेम चाळीस हजार मतं. विचार असे, की इंग्लंडची राणी अमली पदार्थांच्या व्यापारात आहे, मंगळावर वसाहत हवी, अणुवीज हवीच. त्याचे कार्यकर्ते विमानतळांवर टेबल मांडून, अणुविजेला विरोध करणाऱ्या अभिनेत्रीबद्दल, ‘जेन फोंडाला देवमाशांच्या तोंडी द्या’ असे फलक लावत. वाद्यं आजच्यापेक्षा जराशा खालच्या सुरात मिळवावीत, हीही त्याच्या गोटाची चळवळ होती, आणि तिला रेनाटा तेबाल्दीसारख्या मोठ्या गायिकेचा पाठिंबा होता! इथपर्यंत हसता येतं. पण एड्सग्रस्तांना वेगळं काढण्याची वाट मोकळी करणारा प्रस्ताव त्याच्याच माणसांनी 1986 साली कॅलिफोर्नियात मतदानाला आणला. तो आपटला, हे नशीब. समर्थकांकडून, त्यांत कितीतरी म्हातारी माणसं, कर्जाऊ घेतलेले पैसे बुडवल्याच्या खटल्यात 1989 साली त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी सुटला.

मला मात्र या माणसापेक्षा इलिनॉय राज्यात जे घडलं ते महत्त्वाचं वाटतं. मार्च 1986. डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक. गव्हर्नरपदासाठी ॲडलाय स्टीव्हन्सन तिसरे, मोठ्या घराण्यातले. 1982 साली अगदी थोडक्यात हरलेले. खालच्या दोन पदांसाठी पक्षाचे पसंतीचे उमेदवार होते सँगमायस्टर आणि पुचिन्स्की. समोर लारूशची दोन अनोळखी माणसं, मार्क फेअरचाइल्ड आणि जॅनिस हार्ट. दोघंही जिंकली! सुटसुटीत इंग्रजी नावांना लोकांनी शिक्का मारला, असं तेव्हा पुष्कळांनी सांगितलं. असेलही. पण समोर कोण उभं आहे हे मतदारांना सांगायचं काम पक्षाचं होतं, ते त्यानं केलं नाही. आपलीच यादी न वाचणाऱ्या पक्षानं मतदाराला अडाणी म्हणू नये.

कायद्यानं गव्हर्नर आणि उपगव्हर्नर नोव्हेंबरात जोडीनंच लढणार. म्हणजे स्टीव्हन्सन यांच्या गळ्यात उपगव्हर्नरपदासाठी जिंकलेला फेअरचाइल्ड. त्यांनी पक्षाची उमेदवारीच सोडली आणि ‘सॉलिडॅरिटी’ नावाचा नवा पक्ष काढून ते लढले. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवारच उरला नाही. रिपब्लिकन जेम्स थॉम्पसन आरामात निवडून आले, आणि स्टीव्हन्सन पुन्हा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत.