धर्मबंधूंचा चष्मा आणि केप्लरची किरणाकृती

दहावीच्या विज्ञानात भिंगांच्या किरणाकृती येतात. वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर निघालेला किरण बहिर्गोल भिंगातून नाभीकडे वळतो, भिंगाच्या मध्यातून जाणारा सरळ जातो. दोघे भेटतात तेथे प्रतिमा. यवतमाळच्या उन्हात पऱ्हाटीच्या वाळल्या पानावर भिंग धरलेल्या मुलाला नाभी वेगळी शिकवावी लागत नाही. सूर्यकिरण तेथे एकवटतात आणि पान धुमसू लागते. अंतर्गोल भिंगातून मात्र किरण फाकतात. ते मागे वाढवल्यास जेथून निघाल्यासारखे वाटतात, तेथे सुलट, लहान, परंतु आभासी प्रतिमा दिसते.

ही आकृती कागदावर येण्यापूर्वी तीनशे वर्षे माणसे चष्मा वापरीत होती. १३०६ साली फ्लॉरेन्समधील प्रवचनात डोमिनिकन धर्मबंधू जॉर्दानो ह्यांनी सांगितले की, ही कला निघून वीस वर्षेही झालेली नाहीत. पिसाच्या मठाची बखर आणखी एक गोष्ट नोंदवते. पहिल्या कारागिराने आपली कृती कोणाला सांगितली नाही. आलेस्सांद्रो देल्ला स्पिना ह्या धर्मबंधूने चष्मा नुसता पाहून स्वतः घडवला आणि आनंदाने सर्वांना शिकवला. १३१३ साली ते वारले. चाळिशीनंतर अक्षरे पुसट झालेल्या किती लेखनिकांनी त्यांना दुवा दिला असेल! त्या कारागिराचे नाव मात्र बखरीत नाही.

हे चष्मे बहिर्गोल, जवळचे वाचण्यासाठी. अंतर्गोल भिंगे बऱ्याच उशिरा आली. १४६२ साली मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, त्यांत दूरचे पाहण्याचेही होते.

पण चष्म्याने दिसते ते का? उत्तर दिले योहान्नेस केप्लर ह्यांनी. ते लूथरपंथी. धर्ममत बदलण्यास नकार दिल्याबद्दल १६०० साली आमच्याच पंथाच्या राजवटीने त्यांना ग्राट्स शहरातून घालवले होते. हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, पण गाळणे अधिक वाईट. १६०४ साली त्यांनी दाखवले की, वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासूनचे किरण डोळ्याच्या पडद्यावर पुन्हा एका बिंदूत जमतात आणि तेथील प्रतिमा उलटी असते. मग जग सुलटे कसे दिसते, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे प्रकाशशास्त्राबाहेर ठेवला. १६११च्या ग्रंथात दोन्ही भिंगांचे गणित आकृत्यांसह मांडले.

त्यांचे म्हणणे पडताळले कोणी? येशूसंघीय धर्मगुरू क्रिस्टोफ शायनर ह्यांनी. डोळ्याचे मागचे आवरण कापून त्यांनी ती उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. पुढे केप्लरनी सुचवलेली, दोन बहिर्गोल भिंगांची दुर्बीणही त्यांनी बनवली आणि सूर्यावरील डाग कागदावर उतरवून वर्षानुवर्षे रेखाटले.