आरुशाचा निकाल
२ सप्टेंबर १९९८

टांझानियातील आरुशा येथे, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ताबा या भागाचा माजी महापौर जाँ-पॉल अकायेसू याला वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवले. वंशसंहारविरोधी करार १९४८चा. त्यातील गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ होती. मध्ये पन्नास वर्षे गेली.

या निकालाचे खरे मोल त्याहून मोठे आहे. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्याच गुन्ह्यांविषयी साक्ष देताना, रवांडातील वंशसंहारात लक्ष्य झालेल्या तुत्सी समाजाच्या स्त्रियांनी तो सांगितला. न्यायासनावरच्या एकमेव स्त्री न्यायाधीश, दक्षिण आफ्रिकेच्या नवी पिल्लै यांनी प्रश्न विचारून ती बाब पुढे आणली आणि जून १९९७मध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. एखादा समाज नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हे वंशसंहाराचेच कृत्य आहे, असे न्यायाधिकरणाने ठरवले. तोवर ‘युद्धात असे चालायचेच’ म्हणून तो बाजूला सारला जात असे. साक्षीदार स्त्रियांनी ओळख गुप्त ठेवून, पण आरोपीसमोर बसून हे सारे सांगितले. त्यांच्या धैर्याविना हा कायदा घडलाच नसता. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतही पुढे याच निकालाचा आधार घेतला गेला.

अकायेसूला २ ऑक्टोबर १९९८ रोजी जन्मठेप झाली. जून २००१मध्ये त्याचे अपील फेटाळण्यात आले.