लखनौ मेट्रो

उत्तर प्रदेशाच्या राजधानीतील जलद रेल्वेसेवा. बांधकामाचा प्रारंभ सप्टेंबर २०१४ मध्ये झाला. दिल्ली मेट्रोचे शिल्पकार ई. श्रीधरन प्रमुख सल्लागार होते. ट्रान्सपोर्ट नगर ते चारबाग हा सुमारे ८.५ किमी.चा पहिला टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये, तर विमानतळ ते मुन्शी पुलिया हा सुमारे २३ किमी.चा पूर्ण मार्ग मार्च २०१९ मध्ये खुला झाला. त्यावर २१ स्थानके असून विमानतळ, हुसैनगंज, सचिवालय व हजरतगंज ही ४ भुयारी आहेत. पुढे मार्ग गोमती ओलांडून विद्यापीठाकडे जातो.

मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने अमीनाबाद, चौक हे दाट वस्तीचे जुने भाग त्याच्या कक्षेबाहेर राहिले. शहराची खरी गर्दी तर तिथेच. या भागांतील प्रवासी अजूनही शेअर टेंपो व ई-रिक्षांवर अवलंबून असतात. मेट्रोतून उतरल्यावर घर गाठायलाही अनेकांना हीच वाहने लागतात. चारबाग ते वसंत कुंज या सुमारे ११ किमी.च्या, १२ स्थानकांच्या दुसऱ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो अमीनाबाद व चौकातून जाणार आहे.